जुन्या मशीनवर नवी सिस्टिम चढत नाही: कुठे अडकतं ते आधी बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० या कॉम्प्युटरच्या सिस्टिमचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून सोलापुरात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: "नवीन विंडोज मारायला दिलं होतं, अर्ध्यात अडकतंय. मशीन जुनं झालं, नवं घ्या म्हणतात." अशोक चौकातला टॉवेलचा व्यापारी असो, नव्या पेठेतलं लग्नपत्रिकांचं दुकान असो, की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना असो, मशीनचं वय साधारण सारखंच असतं. २००८ ते २०१४ मधला माल. इंटेलच्या जी ३१ नाहीतर जी ४१ चिपसेटचा बोर्ड, त्यावर कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय ३ लॅपटॉप.

बिलं, टायपिंग, ईमेल, जीएसटीचं पोर्टल एवढ्या कामाला यातली बरीच मशीन आजही पुरतात. ती भंगारात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा कारण शोधलेलंच नसतं. फॉरमॅट मारलं, अडकलं, पुन्हा मारलं, पुन्हा अडकलं, असं चालतं. दर वेळी तीच पेनड्राइव्ह आणि तेच सेटिंग वापरलं तर निकालही तोच येणार.

अडकण्याची कारणं चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिलं, मशीन आजारी असतं: गरम होतं, रॅम खराब असते, डिस्क जात आलेली असते. दुसरं, सिस्टिमची अट मशीन पूर्ण करत नाही, पण तशी चालवायला हरकत नसते. तिसरं, सिस्टिमला लागणारी गोष्ट प्रोसेसरमध्ये मुळातच नसते. चौथं, सगळं ठीक असतं, फक्त एखाद्या भागाचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) मिळालेला नसतो. सिस्टिम कोणत्या टप्प्यावर थांबते यावरून यातलं कोणतं कारण ते बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात मशीनच्या तब्येतीपासून

बाहेरच्या माहितीत हा मुद्दा शेवटी कुठेतरी येतो. सोलापुरात मी तो पहिला धरतो, कारण इथे दोन गोष्टी आहेत: एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांचं ऊन आणि मागाच्या कारखान्यातलं सुताचं तूस. कारखान्याच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून प्रोसेसरवरचा पंखा काढा. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तुसाची अक्षरशः गादी बसलेली असते. पंखा फिरतोय असं वाटतं, पण हवा खाली जातच नाही. रोज बिलं काढताना प्रोसेसरवर ताण नसतो, म्हणून मशीन चालतं. सिस्टिम टाकताना तासभर फाइली उलगडत राहाव्या लागतात, तेव्हा प्रोसेसर तापतो आणि मशीन फटकन बंद पडतं. मालकाला वाटतं नवीन विंडोज झेपलं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. दोनदा प्रयत्न करा आणि किती टक्क्यांवर थांबतं ते लिहून ठेवा. दोन्ही वेळा त्याच टक्क्यावर थांबलं तर पेनड्राइव्हवरची फाइल किंवा डिस्कचा तो भाग खराब असण्याची शक्यता जास्त. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबलं तर उष्णता, रॅम किंवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा).

उष्णतेसाठी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन पीसी हेल्थ किंवा हार्डवेअर मॉनिटर नावाचं पान उघडा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. काहीही काम चालू नसताना आकडा ७० अंशांच्या वर गेला तर आधी साफसफाई. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकाट फिरू देऊ नका. जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावा. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी नीट बसलेली नसते, ती मागच्या बाजूने बघून घ्या.

रॅमसाठी स्टिक काढून तिचे सोनेरी पिन खोडरबरने हलके पुसा, मग मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा आणि एक फेरी पूर्ण होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर त्या रॅमवर कोणतीच सिस्टिम टाकू नका. रॅम वाढवणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट: जी ४१ बोर्डाला चार जीबीची डीडीआर ३ स्टिक हवी असेल तर दोन्ही बाजू मिळून १६ चिप असलेलीच घ्या. आठ चिपवाली नवी स्टिक हा चिपसेट ओळखत नाही. मशीन चालूच होत नाही, आणि लोक रॅम खराब निघाली म्हणून परत करतात.

डिस्कचं आरोग्य विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फोने कळतं. तिथे रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब जागांचा) आकडा शून्यापेक्षा जास्त दिसत असेल तर जुन्या डिस्कचा मोह सोडा. साधी साटा एसएसडी जी ३१ च्या बोर्डावरही चालते. पूर्ण वेग मिळत नाही, तरी फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या मशीनवर एकाच गोष्टीसाठी पैसे घालायचे असतील तर मी रॅमच्याही आधी एसएसडी सांगेन.

बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, हीसुद्धा बदला. ती गेली की लाइट गेल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) अपडेट घ्यायला नकार देतो, कारण त्याच्या लेखी अपडेटवरची तारीख भविष्यातली असते. बायोसचं सेटिंगही मूळपदावर जातं. काल चालू असलेली सिस्टिम आज बूट होत नाही, त्यामागे अनेकदा हे एवढंसं कारण असतं.

लोगो येतो आणि रिस्टार्ट होतं

आता विंडोज ११ कडे. त्याच्या अटी अशा: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), युईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि त्यातलं सिक्युअर बूट, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. या अटींपैकी टीपीएमची आणि प्रोसेसरच्या यादीची तपासणी टाळता येते. इन्स्टॉलची पेनड्राइव्ह बनवणारा रुफस हा प्रोग्राम ती बनवतानाच तसा पर्याय विचारतो. चौथ्या पिढीच्या आय ५ वर अशा रीतीने विंडोज ११ चढतं आणि चालतंही.

पण कोअर टू ड्युओवर हीच युक्ती केली की काय होतं ते पाहा. टॉवेलचा धंदा असलेल्या एका मालकांचं मशीन असंच आलं होतं. जी ४१ बोर्ड, ई ७५०० प्रोसेसर. "दादा, पेनड्राइव्ह लागते, खिडकीचं चित्र येतं, आणि परत पहिल्यापासून सुरू," ते सांगत होते. पेनड्राइव्ह बदलून झाली होती, डिस्क बदलून झाली होती, कोणीतरी एसएमपीएससुद्धा बदललेला होता. त्यातल्या कशातच दोष नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४ एच २ आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. कोअर टू ड्युओत त्या नाहीत. इंटेलमध्ये त्या २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय पिढीपासून आल्या. एएमडीच्या ॲथलॉन २ आणि फेनॉममध्येही एसएसई ४.२ नाही. तपासणी टाळून ही उणीव भरून निघत नाही. विंडोज सुरू होताच ती सूचना मागतं, प्रोसेसरला ती कळत नाही, मशीन रिस्टार्ट होतं. आधीची २३ एच २ आवृत्ती अशा मशीनवर चढते खरी, पण होम आणि प्रोसाठी तिचे अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपले. म्हणजे ती टाकून काही मिळवलं असं होत नाही.

प्रोसेसरमध्ये काय आहे हे सीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्रामात 'इन्स्ट्रक्शन्स' या ओळीत दिसतं. तिथे एसएसई ४.२ नसेल तर विंडोज ११ चा विषय तिथेच बंद करा.

आणि असेल तर? तपासणी टाळून विंडोज ११ टाकावं का? घरच्या, मुलांच्या मशीनवर टाकायला हरकत नाही. धंद्याच्या मशीनवर मी टाकून देत नाही. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती तर हातानेच चढवावी लागते. बिलांच्या हंगामात ते मशीन अडलं तर नुकसान मालकाचं होतं. हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे टॅलीवाल्या मशीनला घाईने लिनक्सवर नेण्याचा आग्रहही मी धरत नाही. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. तेवढा वेळ घ्या आणि त्या एका मशीनपुरता पैसा बाजूला काढा. ऑफिसमधली बाकीची मशीन लिनक्सवर आरामात जातात.

लिनक्सच्या प्रकारांपैकी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मी आधी बघतो. दोन जीबी रॅममध्ये सुरू होते, चार जीबीत नीट चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. जी ३१ च्या अंगच्या ग्राफिक्सला सिनॅमन आवृत्तीचे इफेक्ट जड जातात, म्हणून एक्सएफसीई. सगळे लिनक्स जुन्या मशीनवर चालतात असं मात्र समजू नका. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ आणि त्याच्या घरातले अल्मा, रॉकी यांनाही तीच एसएसई ४.२ लागते.

३२ बिटवाल्यांसाठी दिवस कठीण आलेत. सुरुवातीचे पेंटियम ४, ॲटम एन २७० चे छोटे लॅपटॉप या गटात येतात. डेबियन या लिनक्समध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर असलेलं शेवटचं म्हणजे २०२३ चं डेबियन १२. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मधून तो काढला. फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस ३२ बिट लिनक्स सोडलं. अशा मशीनवर टायपिंग करा, जुन्या फाइली उघडा, पण बँकेचं काम करू नका.

पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा काढली की बंद

जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह बूटच्या यादीत वेगळी दिसत नाही. ती 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' या आतल्या यादीत डिस्कच्या खाली दडलेली असते, तिथून वर आणावी लागते. पुढचं यूएसबी पोर्ट वापरू नका, मागचं बोर्डावरचं वापरा. रुफसमध्ये जुन्या बोर्डासाठी एमबीआर (डिस्कच्या मांडणीची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी) आणि बायोस निवडा. २०१२ नंतरच्या लॅपटॉपला बहुधा जीपीटी आणि युईएफआय लागतं. डाउनलोड केलेल्या फाइलचा एसएचए २५६ आकडा (फाइल पूर्ण उतरल्याची खूण) मूळ साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलवर दिवस घालवणारे मी पाहिलेत.

उलट अडचणही पुष्कळदा येते. लिनक्स नीट बसतं, आणि पेनड्राइव्ह काढली की मशीन चालूच होत नाही. काही जुने बायोस पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क मानतात आणि ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूट लोडर, तिच्यावर जाऊन बसतो. इन्स्टॉल करताना पार्टिशनच्या पानावर खाली 'बूट लोडर कुठे ठेवायचा' असा रकाना असतो. तिथे डिस्कचं नाव आणि आकार बघून आतली डिस्क निवडा. झालंच असेल तर पुन्हा सगळं टाकायची गरज नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (काही न टाकता लिनक्स थेट चालवणारी) सुरू करून बूट रिपेअर चालवलं की काम होतं.

विंडोज आधीपासून आहे आणि कोणीतरी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईवरून एएचसीआयवर नेला, तर निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असा मेसेज येतो, जुन्या विंडोजवर शेवटी ७ बी असलेला आकडा. मोड पूर्ववत करा, विंडोज परत येतं. वर सांगितलेली बॅटरी गेल्यावर हा मोड आपोआप बदलू शकतो, हे ध्यानात ठेवा.

काळी स्क्रीन

मिंट सुरू होताना काळी स्क्रीन आली, वर डावीकडे रेघ लुकलुकत राहिली, तर बहुधा ग्राफिक्सचा प्रश्न आहे. बूट मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. इन्स्टॉल झाल्यावरही काळीच आली तर सुरू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणा, पहिल्या ओळीवर 'ई' हे अक्षर दाबा, जिथे क्वाएट स्प्लॅश लिहिलंय त्याच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहा (एन ओ एम ओ डी ई एस ई टी, सगळी लहान अक्षरं, सलग) आणि एफ १० दाबा. याने स्क्रीन येते, पण ग्राफिक्सचा पूर्ण वेग मिळत नाही. हा कायमचा इलाज धरू नका.

आपल्याकडच्या डेस्कटॉपमध्ये जीफोर्स ८४०० किंवा २१० चं कार्ड पुष्कळ सापडतं. त्यांचा एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर २०१९ अखेर थांबला आणि लिनक्सच्या नव्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) तो बसत नाही. बसवण्याची खटपट करू नका. लिनक्ससोबत येणारा नूवो ड्रायव्हर राहू द्या. तरीही त्रास होत असेल तर कार्ड काढा आणि केबल बोर्डाच्या पोर्टला लावा. ऑफिसच्या कामाला बोर्डाचं ग्राफिक्स पुरतं. शिवाय उष्णता कमी होते आणि जुन्या एसएमपीएसवरचा भारही.

वाय-फाय

लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर वाय-फाय पहिल्या दिवशी दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं असतं. यूएसबी केबलने मोबाइल जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा. मिंट त्याला लगेच ओळखतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर सुचवलेला असतो.

रिअलटेक ८७२३ बीई असलेल्या काही लॅपटॉपमध्ये वाय-फाय दिसतं, पण राउटरपासून चार पावलं लांब गेलं की जातं. आत अँटेना एकच असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या जोडणीवर ऐकत बसतो. या ड्रायव्हरला अँटेना निवडण्याचा पर्याय आहे, त्याची किंमत १ किंवा २ करून पाहायची. तेवढा खटाटोप नको असेल तर एथरॉस ९२७१ चिपचं छोटं यूएसबी वाय-फाय घ्या, लावलं की चालतं.

प्रिंटर, डोंगल आणि अंगठा

सिस्टिम बसली म्हणजे काम संपलं असं नसतं. दुकानदाराच्या दृष्टीने बिल छापलं गेलं तर मशीन चाललं. म्हणून जुनी डिस्क पुसण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच या गोष्टी तपासा.

एचपी लेझरजेट १०२० स्वतःमध्ये फर्मवेअर साठवत नाही. दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. लिनक्समध्ये एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचं प्लगइन घेतलं नाही तर छापायचा हुकूम जातो आणि कागद येत नाही. प्लगइन घेतल्यावर सुरळीत चालतो. कॅनन एलबीपी २९०० चा मार्ग वेगळा आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, लिनक्सचा ड्रायव्हर जुना आहे आणि ३२ बिटच्या लायब्ररी मागतो. जमतं, पण वेळ खातं. तो प्रिंटर विंडोजच्याच मशीनला राहू द्यावा हे माझं मत. जुने डॉट मॅट्रिक्स मात्र सुखाचे. एप्सनचा ९ पिनचा साधा ड्रायव्हर निवडला की बहुतेकांवर बिलं निघतात.

पत्रिकांच्या दुकानात पेजमेकर आणि जुने मराठी फाँट असतात. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत, नवीन मराठी टायपिंग छान होतं. पण कृतिदेवसारख्या फाँटमधल्या जुन्या फाइली युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नाहीत. फाँट नसेल तर त्यात इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. ज्यांचा धंदा त्या फाइलींवर उभा आहे त्यांनी ते मशीन आहे तसं ठेवावं.

आधारच्या अंगठ्याचं मशीन असलेल्या सेवा केंद्रांनी आणि डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आधी त्या उपकरणाचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते बघावं, आणि त्यांचं पोर्टल तो स्वीकारतं का तेही.

जकार्डच्या डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर आहे आणि मागच्या पॅरलल पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) अडकवलेलं आहे, त्याला हातच लावू नका. नव्या बोर्डाला ते पोर्ट नसतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या जुन्या सिस्टिममध्ये) डोंगल ओळखलं जाईल याचा भरवसा नाही. सॉफ्टवेअर बनवणारा आता सापडेलच असं नाही. इथे करायचं काम वेगळं आहे: क्लोनझिला या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, ती लावून मशीन सुरू होतं का ते एकदा बघा, नेटची केबल काढून टाका आणि डिझाइन पेनड्राइव्हने न्या-आणा. तसाच बोर्ड जुन्या बाजारात मिळाला तर घेऊन ठेवा.

एवढं करूनही अडलं आणि मशीन कोणाकडे न्यायची वेळ आली, तर कागदावर या गोष्टी लिहून न्या: बोर्डाचं नाव (बोर्डावरच छापलेलं असतं), प्रोसेसरचा नंबर, रॅम किती आणि कोणती, बायोसमधलं तापमान, कोणती सिस्टिम कोणत्या आवृत्तीची टाकत होता, किती टक्क्यांवर किंवा कोणत्या ओळीवर थांबली. शेवटच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. नुसतं "चालू होत नाही" एवढ्यावर समोरचा माणूस पहिल्यापासून फॉरमॅट मारायला घेतो. हा कागद हातात असला तर तो थेट अडलेल्या जागेपासून सुरुवात करू शकतो.